वाचकांचे प्रश्न : ऱ्हाईनकाठचे स्ट्रासबर्ग पाहताना

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही उभयता नोकरीतून निवृत्त झालो असून येत्या सप्टेंबरात मुलीकडे जर्मनीतील स्टुटगार्टला दोन महिने राहणार आहोत. फ्रान्समधले स्ट्रासबर्ग तिथून रेल्वेने दीड तासाच्या आतच आहे, तेव्हा सकाळी जाऊन रात्री परत येऊ, असे जावयांचे म्हणणे आहे. एका दिवसात शहर पाहून होईल का? दुसऱ्या देशात जायचे तर वेगळा व्हिसा लागेल का? सौ.चे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगावे.
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : व्हिसाचे आधी सांगतो. जर्मनी आणि फ्रान्स हे दोन्ही देश शेंगेन करारातले असल्यामुळे मुलीकडे राहण्यासाठी आपण जो व्हिसा जर्मनीकडून घ्याल, तोच स्ट्रासबर्गला चालतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी बिघडत नाही, कारण ऱ्हाईन ओलांडली म्हणून आपण शेंगेन क्षेत्राबाहेर जात नाही. मात्र मूळ पासपोर्ट दोघांनीही जवळ ठेवावा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली असून परतीच्या गाडीत पोलीस डब्यात येऊन कागद मागू शकतात, आणि अशा वेळी मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

आता एका दिवसाचे. एका दिवसात कॅथेड्रल, नावेची एक फेरी आणि घाईघाईचे जेवण एवढे बसते. मीही पहिल्या वेळी एका सहलीबरोबर तसाच गेलो होतो, आणि परतताना माझ्याजवळ चाळीस-पन्नास छायाचित्रे आणि लाकडी घरांची एक गोड पण पुसट आठवण याखेरीज काही नव्हते. रामकुंडावर पाय भिजवून, काळारामाचे दर्शन घेऊन दुपारच्या आत त्र्यंबकचा रस्ता धरणारे पाहुणे आपल्याकडे जसे ‘नाशिक पाहिले’ म्हणतात, त्यातलाच तो प्रकार झाला. आपल्याजवळ दोन महिने आहेत, तेव्हा दोन रात्रींचा मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. कारण या शहरातले पाहण्यासारखे पुष्कळसे त्याच्या सीमेवर असण्यातून आलेले आहे, आणि ते चालता चालता, थांबून, थोडे मागचे आठवूनच दिसते.

मागचे म्हणजे थोडक्यात असे. हे शहर शतकानुशतके जर्मन भाषिक, आपला कारभार आपण पाहणारे, पवित्र रोमन साम्राज्यातले मुक्त नगर होते. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने ते फ्रान्सला जोडून घेतले. १८७० च्या युद्धात प्रशिया या जर्मन राज्याच्या तोफांनी त्याला वेढून भाजून काढले, नगराचे ग्रंथालय अमोल हस्तलिखितांसह एका रात्रीत जळाले, आणि १८७१ च्या तहाने शहर जर्मनीत गेले. १९१८ मध्ये ते फ्रान्सकडे परत आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रेंच जनरल लक्लेर यांच्या सैन्याने ते सोडवले. म्हणजे १८६५ च्या सुमारास जन्मून ऐंशी वर्षे जगलेल्या एखाद्या आजीबाईने आपली गल्ली न सोडता चार वेळा देश बदलला! जुन्या भागात रस्त्यांच्या नावाच्या पाट्या आजही फ्रेंच आणि आल्साशियन अशा दोन भाषांत आहेत. स्ट्रासबर्ग ज्या आल्सास प्रांतात आहे, तिथली ही आल्साशियन बोली जर्मन कुळातली आहे. आपल्या सुरगाणा-पेठेकडून डांगात उतरताना बोली जशी नकळत कूस बदलते, कुठल्या गावाशी मराठी संपली ते सांगता येत नाही, तसेच तिथे ऱ्हाईनच्या दोन्ही तीरांवर होते.

पहिल्या दिवशी बेटापासून सुरुवात करावी. ऱ्हाईन ही सीमेवरची मोठी नदी. जुने शहर मात्र तिला मिळणाऱ्या ईल नावाच्या लहान नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले आहे. या बेटाला ‘ग्रांद ईल’, म्हणजे ‘मोठे बेट’, म्हणतात. १९८८ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि २०१७ मध्ये त्याला लागून असलेली जर्मन काळातली वसाहतही यादीत आली. बेट सपाट आहे आणि सौ.ना चालवेल तेवढेच आहे. फक्त रस्ते दगडी फरशीचे असल्यामुळे मऊ तळव्याचे बूट हवेत.

बेटाच्या पश्चिम टोकाला ‘प्तीत फ्रांस’, म्हणजे ‘धाकटे फ्रान्स’, हा भाग आहे. लाकडी चौकटींची, पांढऱ्या भिंतींची घरे आणि खिडक्याखिडक्यांतून लोंबणारी जिरेनियमची फुले यांमुळे सारे प्रवासी इथेच गर्दी करतात. इथे मान वर करून छपरे पाहावीत. उतरती, उंच आणि मधे मधे उघड्या माळ्यांची ही छपरे चांभारांची आहेत. नदीत धुतलेली कातडी या माळ्यांवर वाऱ्याला वाळत घालीत. म्हणजे आज जिथे आइस्क्रीम खात लोक फिरतात, तो कोपरा एके काळी नाक धरून ओलांडावा लागत असणार. नावाची कथा तर आणखीच वेगळी आहे. ‘धाकटे फ्रान्स’ हे नाव फ्रान्सच्या प्रेमापोटी मुळीच पडलेले नाही. इथे उपदंशाच्या रोग्यांसाठी एक रुग्णालय होते आणि जर्मन भाषिक लोक त्या रोगाला ‘फ्रेंचांचा रोग’ म्हणत, त्यावरून ते पडले. हे वाचून आपल्याकडच्या वैद्यांना हसू येईल, कारण भावप्रकाशात याच रोगाला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे. नको ते दुखणे शेजाऱ्याच्या नावावर खपवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

तिथून चार पावलांवर ‘पों कुव्हेर’, म्हणजे ‘झाकलेले पूल’, लागतात. ते झाकलेले नाहीत. त्यांची छपरे अठराव्या शतकातच गेली, नाव तेवढे राहिले, आणि जुन्या तटाचे मनोरे अजून पाण्यात पाय रोवून उभे आहेत. त्यांच्यापलीकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस व्होबां या लष्करी अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला दगडी बंधारा आहे, आणि नाशिककराने तो चुकवूच नये. आपल्याकडे गंगापूर धरणाचे पाणी सुटले की सगळे गाव दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले ते पाहायला धावते. इथे मात्र शत्रू चालून आला की या बंधाऱ्याच्या कमानी बंद करून नदी मुद्दाम तुंबवायची आणि शहराच्या दक्षिणेची शेते पाण्याखाली घालायची, अशी योजना होती. १८७० च्या वेढ्यात ती वापरलीही गेली. शत्रू दुसऱ्या बाजूने आला, ही गोष्ट निराळी. बंधाऱ्याच्या माथ्यावर गच्ची आहे, तिथून मनोरे, नदीचे फाटे आणि मागे कॅथेड्रलचा सुळका एका नजरेत येतो. कॅथेड्रलच्या वरच्या सज्ज्यावर जाण्यासाठी तीनशेहून अधिक चक्राकार पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या नादी न लागता ही गच्ची गाठावी.

दुसरा दिवस कॅथेड्रलचा. काळारामाचा काळा पाषाण पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म प्रथम जरा नाजूक वाटतो, आणि मग १४२ मीटर उंचीचा मनोरा दिसतो. १४३९ मध्ये तो पुरा झाला, आणि १६४७ पासून १८७४ पर्यंत जगात त्याहून उंच इमारत नव्हती. जोडीचा दुसरा मनोरा कधी झालाच नाही, त्यामुळे इमारत एका खांद्यावर घागर घेतलेल्या बाईसारखी दिसते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, इतका उंच मनोरा समतेच्या विरुद्ध आहे म्हणून तो पाडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा लोकांनी त्याच्या टोकावर पत्र्याची भली मोठी क्रांतीची टोपी चढवून त्याला वाचवले.

आत उजव्या अंगाला खगोलीय घड्याळ आहे. आजचे यंत्र श्विल्गे या कारागिराने १८४२ मध्ये पुरे केले. त्याआधीची दोन घड्याळे बंद पडून गेली होती. सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहांच्या जागा हे तर ते दाखवतेच, शिवाय दरवर्षी तारीख बदलणाऱ्या ईस्टरचा दिवसही दंतचक्रांनी काढते. एकादशी स्मार्त की भागवत यावर डोके घालणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना या यंत्रापुढे हात जोडावेसे वाटतील. दर पाव तासाला बालक, तरुण, प्रौढ आणि वृद्ध अशा चार बाहुल्यांपैकी एक मृत्यूसमोरून जाते. आणि दुपारी येशूसमोरून त्याचे बारा शिष्य ओळीने जातात, वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. हा दुपारचा कार्यक्रम साडेबाराला होतो, बाराला नाही. कारण गमतीचे आहे. स्ट्रासबर्गचा सूर्य मध्य युरोपाच्या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो, आणि या घड्याळाचे बारा हे त्या सूर्याचे बारा आहेत. नाशिकचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागेच असतो; आपण ते विसरलो, त्या घड्याळाने लक्षात ठेवले, इतकेच. त्याला तिकीट असते आणि लोक बाराच्या आधीपासून रांगेत उभे असतात. मी एकदा ‘साडेबाराला आहे ना’ म्हणून सव्वाबाराला पोहोचलो आणि दाराबाहेरूनच परत फिरलो.

दुपारी बेट ओलांडून १८७१ नंतर जर्मनांनी वसवलेल्या ‘नॉयश्टाट’ भागात जावे. तिथले रस्ते रुंद, इमारती अवाढव्य आणि किंचित रुबाबखोर आहेत. जळालेल्या ग्रंथालयाच्या बदल्यात उभारलेले नवे राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालय याच भागात आहे, आणि संस्कृतचे प्राध्यापक लॉयमान यांच्यामुळे तिथे जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

त्या ग्रंथालयासमोरच्या ‘प्लास द ला रेपुब्लिक’ या चौकात १९३६ मध्ये उभारलेले युद्धस्मारक आहे. यासाठी निदान पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. फ्रान्समधल्या गावोगावच्या युद्धस्मारकांवर हातात बंदूक घेतलेला सैनिक, झेंडा आणि ‘मातृभूमीसाठी’ अशा अर्थाचे शब्द असतात. इथे एक आई बसलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन मरणासन्न मुलगे आहेत. एक जर्मनीकडून लढला, एक फ्रान्सकडून. दोघेही उघडे आहेत, कारण अंगावर गणवेश घालायचा तर तो कोणत्या देशाचा घालणार? दोघांचे चेहरे आता एकमेकांकडे वळलेले आहेत आणि मरताना त्यांनी एकमेकांचा हात धरला आहे. खाली ‘आमच्या मृतांस’ एवढेच लिहिले आहे, देशाचे नाव नाही. कुरुक्षेत्रावरचा शोक वाचत मोठे झालेल्या आपल्या पिढीला हे शिल्प वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. सहलीच्या बसमधून ते खिडकीतून दाखवतात, तेही वेळ असेल तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्राम ‘डी’ पकडून ऱ्हाईनवर जावे. ही ट्राम २०१७ पासून नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाते, त्यामुळे स्ट्रासबर्गचे लोक स्वस्तातला साबण आणि सिगारेट घ्यायला परदेशी जातात आणि जेवायला घरी येतात. आपण मात्र नदीअलीकडे उतरून २००४ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावरून चालत जावे. या पुलाच्या दोन वाटा मध्यावर एका सज्ज्यात एकत्र येतात, आणि सीमा नेमकी पाण्याच्या मधोमध असल्यामुळे सौ. फ्रान्समध्ये आणि आपण जर्मनीत असे उभे राहून फोटो काढता येतो. खालून लांबच लांब मालवाहू बोटी जात असतात. ज्या पाण्यासाठी इतकी माणसे मेली, त्यावर आता कोणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही. केल स्थानकावरूनच स्टुटगार्टच्या दिशेने गाडी मिळते, त्यामुळे हातात एकच पिशवी असेल तर परत फिरण्याचीही गरज नाही.

जावयांना एक गोष्ट विचारून पाहा : फ्रान्समध्ये आगगाड्या आपल्यासारख्या डाव्या रुळावरून धावतात, पण आल्सासमध्ये मात्र उजव्या, असे का? इथले लोहमार्ग जर्मन अमलात वाढले, आणि राज्य बदलले तरी रूळ कोण बदलत बसणार! गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या इथल्या जादा सुट्ट्यांचेही मूळ तेच आहे. रविवारी दुकाने कडेकोट बंद असतात, हे मुक्काम ठरवताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडेही खात नाही. स्ट्रासबर्गला उपाशी राहावे लागेल का?
— एक वाचिका, पंचवटी

उत्तर : उपाशी राहावे लागणार नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. तिथला प्रसिद्ध पदार्थ ‘फ्लामक्यूश’ हा पातळ लाटलेल्या, कडेने करपलेल्या भाकरीसारखा असतो. वर आंबट साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मश्रूमचा प्रकार मागितला तरी ते तुकडे त्यात असतातच, म्हणून ‘सां लार्दों’ हे दोन शब्द पाठ करून जावेत. त्याचा अर्थ ‘ते तुकडे नकोत’. आंबवलेल्या कोबीचा ‘शूक्रूत’ हा पदार्थ नावावरून भाजीचा वाटतो, प्रत्यक्षात ताट मांसाने भरलेले येते. ‘कूगेलॉफ’ हा बदाम लावलेला गोल केक मोह पाडतो, पण त्यात अंडी असतात. गाठ मारल्यासारखी दिसणारी, वर मीठ लावलेली ‘ब्रेत्झेल’ बहुधा बिनअंड्याची असते, तरी बेकरीत एकदा विचारावे. सोबत दशम्या आणि कोरडी चटणी असली की प्रवासाचा पहिला दिवस निघून जातो.

प्रश्न : नाताळच्या बाजारासाठी डिसेंबरात जावे का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : १५७० पासून भरणारा हा बाजार सुंदर असतो, यात वाद नाही. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणारी गर्दी ज्यांना मानवते, त्यांनी खुशाल जावे. हॉटेल मात्र अनेक महिने आधी घ्यावे लागते, आणि चार-साडेचारलाच दिवेलागण होते.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. गटाने आल्सासच्या बागा पाहायला जायचे घाटत आहे. कधी जावे आणि शहरात आमच्यासारख्यांनी काय पाहावे?
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : तिकडे वेलीची छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते, आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा दुहेरी हिशेब तिथे नाही, कारण थंडी वेलीला आपोआप झोपवते. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. व्होज डोंगर पश्चिमेचे पावसाळी ढग अडवतो, म्हणून त्याच्या पूर्व उतारावर, पावसाच्या आडोशाला, रीसलिंग आणि गेव्हुर्त्सट्रामिनर या पांढऱ्या जाती पिकतात. डाऊनी आणि भुरी या दोन्ही रोगांची नावे तिथल्या शेतकऱ्याला आपल्याइतकीच तोंडपाठ आहेत, तेव्हा दुभाष्या असला तर बोलायला विषय कमी पडणार नाही.

शहरात जुन्या रुग्णालयाखालचे १३९५ चे तळघर जरूर पाहावे. पूर्वी रोगी आपल्या उपचाराचे मोल द्राक्षमळे दान करून देत, त्यामुळे रुग्णालयाची स्वतःची वाइन होत असे. तिथे १४७२ ची वाइन एका पिंपात अजून राखलेली आहे, आणि ती आजवर तीनदाच पाहुण्यांना दिली गेली आहे. शेवटची १९४४ मध्ये, शहर सोडवणाऱ्या जनरल लक्लेर यांना. पहिली १५७६ मध्ये झ्युरिकच्या नावाड्यांना, आणि त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. संकट आले तर आम्ही वेळेत मदतीला पोहोचू शकतो, हे स्ट्रासबर्गला पटवण्यासाठी त्यांनी भरड धान्याच्या शिजत्या घाट्याचे मोठे भांडे नावेत ठेवले, पहाटे निघून प्रवाहाबरोबर वल्हवत एका दिवसात ऱ्हाईनने खाली आले, आणि रात्री ते भांडे उघडले तेव्हा आतला घाटा अजून गरम होता.

गटाने जायचे तर सप्टेंबरच्या मध्यास निघावे आणि महिनाअखेर परतावे, म्हणजे तिकडची काढणीही दिसेल आणि गोडी छाटणीला मालक बागेत असतील.